गावाकडे राहून वीजतंत्री कसे व्हावे

दहावीचा निकाल लागला की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे आयटीआयच्या, प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. पसंतीक्रमात ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’ हे दोन वेगळे व्यवसाय दिसतात. अनेक मुले ते एकच समजतात. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, पण वीजतंत्रीसाठी विज्ञान व गणित विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि तारतंत्रीसाठी आठवी पुरते. विदर्भातल्या खेड्यात घराच्या वायरिंगपेक्षा विहिरीवरची मोटर जास्त वेळा बिघडते, म्हणून ज्याला शक्य आहे त्याने मोटर अधिक खोलात शिकवणारा वीजतंत्री हा व्यवसाय वर ठेवावा.

प्रशिक्षण सुरू असतानाच सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मोटर भरण्याच्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या, दुकानात बसावे. तेथे पगार मागू नये, प्रश्न मात्र भरपूर विचारावेत. शेतपंपाच्या थ्री फेज लाईनवर दोन फेजांमध्ये सुमारे 415 व्होल्ट असतात. त्यांतील एक फेज गेला तरी चालू मोटर लगेच थांबत नाही; ती उरलेल्या दोन फेजांतून जास्त प्रवाह ओढते, गुरगुरते, तापते आणि अखेर तिचे वाइंडिंग जळते. म्हणून जळालेली मोटर भरून परत बसवण्याआधी ती का जळाली हे शोधावे. साध्या 5 अश्वशक्तीच्या मोटरीला पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर लागतात. नेमका आकडा मोटरीच्या पाटीवर असतो. क्लॅम्प मीटर तिन्ही तारांवर एकेक करून लावून प्रवाह समान आहे का पाहावा आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह जास्त झाल्यास मोटर बंद करणारा भाग, पाटीवरील आकड्याप्रमाणे लावावा. वीजपुरवठ्याच्या रात्रीच्या पाळीत शेतावर जायला नको म्हणून अनेक शेतकरी ऑटो स्विच बसवून मागतात, पण त्यामुळे वीज येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, हे त्यांना समजावून सांगावे.

अर्थिंगकडे काळ्या मातीत विशेष लक्ष द्यावे लागते. ओली असताना ही माती वीज चांगली वाहून नेते, परंतु उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. त्यामुळे उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहण्यास ग्राहकाला सांगावे.

एक काम मात्र कितीही ओळख असली तरी करू नये. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात लाईनचा थेट प्रवाह सोडून द्या, अशी मागणी येते. अशा तारेने माणसे मेली आहेत, आणि ती जोडून देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याऐवजी क्षणिक झटका देणारी, बॅटरीवर चालणारी झटका मशीन सुचवावी. तसेच डीपीवर किंवा खांबावर स्वतः चढू नये. ते महावितरणच्या लाईनमनचे काम आहे.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करावी. त्यासाठी शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी करून महावितरणच्या, कोराडी व चंद्रपूर येथील औष्णिक वीज केंद्रांच्या, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या जाहिराती पाहत राहाव्यात. विद्यावेतन थोडे असते, पण येथे मिळणारी शिस्त, म्हणजे काम सुरू करण्याआधी पुरवठा बंद करून तो खरोखर बंद झाला आहे का हे टेस्टरने तपासण्याची सवय, दुकानात क्वचितच लागते.

स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास शासनाचा तारतंत्री परवाना काढावा. नव्या वीजजोडणीसाठी चाचणी अहवालावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते, त्यामुळे सुरुवातीला अशा एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करणे सोयीचे पडते.

पहिल्या नोकरीसाठी जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा, हंगाम उत्तम. कापूस येऊ लागण्याच्या आधी, साधारण दसऱ्याच्या सुमारास, जिनिंगमधील मोटरी आणि पॅनेल तपासून घेतले जातात. त्या वेळी प्रमाणपत्राच्या प्रती, स्वतःचा टेस्टर आणि पकड घेऊन थेट व्यवस्थापकाला भेटावे. भंडारा आणि गोंदिया भागात हीच भेट भातगिरण्यांच्या दारात घ्यावी.