रीपरमध्ये (आवाज-गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रॅकची नावं उडाली? अशी परत आणा

सगळ्यात आधी, सेव्ह करू नका! कंट्रोल झेड मारून बघा, आणि मधे बरंच काम झालं असेल तर कंट्रोल ऑल्ट झेडने अनडू हिस्टरी, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, उघडा, तिथे नाव बदलल्याची नोंद दिसते. फक्त मागे गेलात की नंतरचं कामही जातं, म्हणून नावं कागदावर लिहून घ्या आणि परत पुढे या.

सेव्ह झालं असेल तरी घाबरू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी आरपीपी-बॅक (.rpp-bak) असलेली फाइल असते, म्हणजे आधीच्या सेव्हची प्रत. पुढच्या सेव्हला ती बदलू शकते म्हणून आधी तिची कॉपी दुसरीकडे ठेवा, मग ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट असते ही खरंच फार मोठी सोय आहे, प्रत्येक ट्रॅकच्या भागात नेम (NAME) असं लिहिलेल्या ओळीत नाव सापडतं, क्रमही तोच, मग बघून बघून टाइप करायचं.

बॅकअप नसेल तर रेकॉर्ड झालेल्या वेव्ह फाइल्स बघा. सेटिंग बदललं नसेल तर फाइलच्या नावात ट्रॅक नंबर आणि ट्रॅकचं नाव असतंच, अर्थात रेकॉर्डिंगच्या आधी नाव दिलं असेल तरच.