वजनाचं इंजेक्शन घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

सध्या सोलापुरात चार जण जमले की वजन कमी करायच्या इंजेक्शनचा विषय निघतोच आणि मग कुणीतरी थेट मेडिकलवाल्याला विचारायला जातं. तसं करू नका, प्लीज.

आधी घरी बीएमआय काढा, म्हंजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. वजन किलोत, त्याला उंचीनं मीटरमधे दोनदा भागायचं. ८० किलो, उंची १.६० मीटर, म्हंजे ३१ च्या वर. आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात कारण चरबी पोटावर जास्त बसते, म्हणून टेपनं कंबर पण मोजा, पुरुष ९० सेमी आणि बायका ८० सेमीच्या वर असतील तर लक्ष द्यायला हवं. नंतर एमडी मेडिसिन किंवा एंडोक्राइनचे (हार्मोनचे) डॉक्टर गाठा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, कारण स्टिरॉइड, काही मानसिक आजाराच्या गोळ्या, इन्सुलिन यांनी पण वजन वाढतं. थायरॉइड, शुगर, लिव्हर तपासतील, बायकांचं पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) पण.

औषधं साधारण बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर-बीपीसारखा त्रास असेल तर देतात. ऑर्लिस्टॅट ही गोळी जेवणातलं काही तेल-तूप पचूच देत नाही, ते तसंच शौचातून बाहेर पडतं, त्यामुळं शेंगा चटणीवर तेल ओतून भाकरी खाल्ली की कपडे खराब होईपर्यंत वेळ येते. वजन त्यानं बेताचंच उतरतं.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातनं एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं. भूक मरते, पोट लवकर भरतं. मोठ्या अभ्यासांत सव्वा-दीड वर्षात सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालं, पण बंद केलं की बरंचसं परत येतं, हे खर्चाचा हिशोब करतानाच धरा. डोस हळूहळू वाढवतात, घाई केली की मळमळ, उलट्या, नाहीतर बद्धकोष्ठ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उलट्या लागल्या आणि पाणी कमी पडलं तर किडनीला त्रास होतो हो, अंगावर काढू नका. पोटात जोराची कळ येऊन पाठीत जात असेल तर लगेच दवाखाना, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) झालेलं कुणी असेल तर ही घ्यायची नाहीत. बाळाचा विचार असेल तर आधीच सांगा. शुगरची ग्लिमेपिराइड चालू असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर शुगर एकदम खाली येते.

इंजेक्शनचं पेन फ्रिजमधे ठेवा, फ्रीजरमधे नको, गोठलेलं पेन टाकूनच द्यायचं. एप्रिल-मेमधे पुण्याहून एसटीनं आणत असाल तर बर्फाच्या डब्यातून आणा पण बर्फ थेट लागू देऊ नका, तीस डिग्रीच्या वर ते टिकत नाही आणि आपल्याकडं चाळीस तर नेहमीचंच. या औषधांनी चरबीबरोबर स्नायू पण जातात, म्हणून भूक नसली तरी मटकीची उसळ, अंडी, दही आधी खायचं आणि भाकरी नंतर, सोबत थोडा वजनं उचलायचा व्यायाम.

बीएमआय ३२.५ च्या वर आणि शुगर वगैरे असेल, किंवा नुसताच ३७.५ च्या वर असेल तर वजन कमी करायच्या ऑपरेशनचं विचारा. स्लीव्हमधे जठराचा बराच भाग काढून टाकतात, बायपासमधे अन्नाची वाटच बदलतात. नंतर बी-१२, लोह, कॅल्शियम कायम घ्यायचं आणि वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू द्यायचा नाही.