पांढरा कावळा दिसला, तर अल्बिनो म्हणण्याआधी हे तपासा

पहिली नजर डोळ्यावर. अल्बिनो प्राण्याच्या शरीरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयारच होत नाही, म्हणून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची लाली बाहेर दिसते. डोळा काळा किंवा तपकिरी असेल, तर बहुधा ल्युसिझम: रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी पिसांपर्यंत किंवा केसांपर्यंत पोचलेल्या नसतात, डोळ्यातल्या मात्र शाबूत असतात. फ्लॅश मारून फोटो काढू नका. फ्लॅशमध्ये गावच्या मांजराचेही डोळे चमकतात. दिवसाउजेडी, दुर्बिणीतून आणि बाजूने बघा.

मग चोच, पाय, नख्या. अल्बिनो कावळ्याचे हे सगळे फिकट गुलाबी असते. एखादे जरी पीस काळे दिसले, तरी तो अल्बिनो नाही. ‘अर्धवट अल्बिनो’ असे काही नसते, बातम्यांत कितीही छापून येवो.

उलटी फसगतही होते. पिवळा-लाल रंग मेलॅनिनचा नसतो, त्यामुळे लालबुड्या बुलबुलाचे बूड अल्बिनो असूनही लाल राहू शकते. अल्बिनो अजगर तर चक्क पिवळसर असतो.

किनाऱ्यावर आणखी एक घोळ आहे. खडकांवर मासे टिपणारा समुद्रबगळा राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत आढळतो. दोन्ही त्याचीच नेहमीची रूपे. गायबगळा पांढराच, विणीच्या हंगामात डोके-मान तांबूस होते. त्यात बिघाड कसलाच नाही.

खरा अल्बिनो सापडला तर पकडू नका, ठिकाणही जाहीर करू नका. त्याला ऊन सोसत नाही, नजरही अधू असते. गर्दी जमली की तो आणखी भांबावतो. जखमी असेल तरच वनविभागाला कळवा.