हीटर लावला की काच आणखीच धुरकटते? या चुका टाळा

डिसेंबरातली पहाट. नाशिकहून पुण्याला निघालो होतो, गाडीत आम्ही चौघं. निफाडचा पारा त्या आठवड्यात रोज पेपरात येत होता, म्हणून बसल्या बसल्या हीटर लावला. सिन्नर येईपर्यंत समोरची काच दुधासारखी पांढरी. मी हीटर वाढवला, काच आणखी पांढरी. शेजारी बसलेले सासरे रुमालाने माझ्यासमोरची काच पुसत होते आणि दर दोन मिनिटांनी तोच कार्यक्रम. शेवटी एका टपरीपाशी गाडी बाजूला घेतली, चारही दारं सताड उघडली आणि चहा मागवला. सहज पायाखालचं मॅट उचललं, तर खालचा गालिचा चिंब. आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन घेतली होती आणि धुणाऱ्या पोराने मॅट तशीच ओली आत टाकली होती. मी रात्रभर काचा बंद ठेवून ते पाणी जपलं आणि पहाटे हीटरने ते उकळायला घेतलं!

मूळ चूक इथेच होते. हीटर काच सुकवतो असं आपण धरून चालतो. हीटर हवा फक्त गरम करतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. उलट गरम हवा जास्त पाणी पिते. 10 अंशांची हवा दर घनमीटरला साधारण 9 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांची 17 आणि 30 अंशांची 30 ग्रॅम. म्हणजे गरम वारा गालिचा, ओले बूट, जर्किन आणि आपला श्वास यांतलं पाणी उचलतो, गार काचेला जाऊन भिडतो आणि तिथे ओझं टाकतो. छोट्या गाडीच्या आतली 20 अंशांची हवा सगळी मिळून अर्धी वाटीही पाणी धरत नाही. भिजलेल्या गालिच्यात ते तांब्याभर असू शकतं. मग त्या पहाटे कोण जिंकणार होतं?

आधी बोट लावून बघा

काही करण्याआधी काचेला आतून बोट लावा. रेघ उमटली तर धुकं आतलं. नाही उमटली आणि वायपर फिरवल्यावर काच साफ झाली, तर ते बाहेरचं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि उपाय बरोब्बर उलटे.

बाहेरचं धुकं आपल्याकडे पावसाळ्यात दिसतं. कोकणात जुलैत हवा इतकी दमट असते की एसीने गार केलेल्या काचेवर बाहेरून दव धरतं, थंड पाण्याच्या बाटलीला घाम येतो तसं. तिथे एसीचा झोत काचेवर सोडला तर धुकं वाढणारच. झोत काचेवरून काढायचा, तापमान वाढवायचं आणि वायपर फिरवायचा. हिवाळ्यात शिकलेली युक्ती आंबोली घाटात वापरून फसलेले बरेच जण भेटतात. आता पुढचं सगळं आतल्या धुक्याबद्दल.

थंडीत एसी कशाला, ही समजूत

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. थंडी वाजतेय, मग एसी बंद. पण गाडीत हवा सुकवणारं यंत्र एकच आहे, ते म्हणजे एसीची कॉइल. ब्लोअरची, म्हणजे डॅशबोर्डमधल्या पंख्याची, हवा आधी या गार कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातलं पाणी गळून गाडीखाली ठिबकतं, मग ती हीटरवरून जाऊन गरम होते. एसी आणि हीटर एकत्र चालू ठेवले की कोरडी गरम हवा मिळते. गाडी आतून गार पडत नाही, कारण तापमानाचा नॉब तुम्ही लाल बाजूला ठेवलेला असतो.

‘पेट्रोल जास्त जळेल’ म्हणून एसी न लावणारे एक काका आमच्या सोसायटीत आहेत. काच साफ व्हायला लागतो तेवढ्या वेळात किती जळणार? त्यांच्या रुमालांचा धुलाईखर्च त्याहून जास्त असेल.

यातलीच एक पोटचूक फार फसवी आहे. काच साफ झाली म्हणून एसी बंद करायचा आणि गरम झोत तसाच काचेवर ठेवायचा. कॉइल अजून ओली असते, तिच्यावरचं पाणी वाफ होऊन थेट काचेवर येतं आणि डोळ्यांसमोर पडदा टाकल्यासारखी काच एका झटक्यात पांढरी होते. भर रस्त्यात हे झालं तर घाबरायला होतं. एसी बंद करायचाच असेल तर आधी झोत पायांकडे वळवा.

मनाली किंवा त्याहून वर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेर शून्याच्या आसपास तापमान असलं की बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर (कॉइल गार करणारा पंप) चालूच होत नाही, बटणावरचा दिवा लागला तरी. तिथे हवा सुकवायला बाहेरची कोरडी हवा आणि गरम झोत, एवढाच आधार.

बटणांचा गोंधळ

डॅशबोर्डवर गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण असलेलं बटण असतं. त्याने आतलीच हवा आत फिरते. ट्रकचा धूर टाळायला आपण ते दाबतो आणि विसरतो. एसी बंद असताना हे बटण दाबलेलं असेल तर चौघांचा श्वास गाडीतच साठतो आणि काच धुरकटणारच. थंडीत बाहेरची हवा घ्या. ती ओलसर वाटली तरी गरम झाल्यावर बरीच कोरडी ठरते. घाटात धुराचा ट्रक पुढे असेल तर दोन मिनिटं आतली हवा चालेल, पण एसी चालू हवा.

दुसरा गोंधळ डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या बटणांच्या, दोन चित्रांचा. वरून पसरलेली, खाली निमुळती काच म्हणजे समोरची. साधा चौकोन म्हणजे मागची, तिथे काचेतल्या तारा तापतात. घाईत चौकोन दाबून समोरची काच साफ होण्याची वाट बघणारे मी स्वतः पाहिलेत. अनेक गाड्यांत समोरचं डिफॉगर लावलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप चालू होते. नॉबवाल्या साध्या गाडीत ते तुम्हालाच करायचं असतं.

आणि काहीच सुचलं नाही तर दोन काचा बोटभर खाली करा.

पाणी येतंय कुठून?

सगळी बटणं बरोबर असूनही रोज धुकं धरत असेल तर गाडीत पाणी आहे. मॅट उचलून बघणं पुरेसं नाही, कारण पाणी गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं आणि वरून हात लावला तर कोरडं लागतं. रात्री वर्तमानपत्राची जाड घडी गालिच्यावर दाबून ठेवा, वर काहीतरी वजन ठेवा. सकाळी कागद सांगेल. चारही जागी ठेवा, कारण कुठला कागद भिजला यावरून पुढचा तपास ठरतो.

पावसानंतर भिजत असेल तर दारांची रबरं आणि वायपरखालची जाळी बघा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. त्याची बारीक पानं जाळीतून खाली जातात, पाणी वाहून जाण्याची वाट बुजवतात आणि तुंबलेलं पाणी ब्लोअरवाटे आत उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही तुंबतात. डाव्या सीटच्या पायाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल आणि एसी लावूनही गाडीखाली थेंब पडत नसेल, तर एसीचा ड्रेन पाइप चोंदलाय. हे काम स्वस्तातलं आहे.

मात्र तिथलं पाणी बोटाला बुळबुळीत लागलं, रंगीत दिसलं, त्याला गोडसर वास आला, तर प्रकरण वेगळं आहे.

हीटर कोअर गळतो तेव्हा

डॅशबोर्डच्या पोटात एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. इंजिन गार ठेवणारं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. हा कोअर झिरपायला लागला की कूलंटची वाफ थेट काचेवर येते. हीटर लावल्यावरच धुकं येतं आणि एसी लावूनही हटत नाही, ही त्याची मोठी खूण. दुसरी खूण पुसताना कळते. साधं बाष्प पुसलं की जातं, हे मात्र तेलकट फरफटतं आणि समोरून दिवे आले की काचभर चकाकी पसरते.

माझ्या आधीच्या गाडीचं हेच झालं होतं. एका गॅरेजने एसीचा गॅस भरला, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बदलला, बिल हातात दिलं. धुकं होतं तिथेच. बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघावी असं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती आणि गाडीखाली तर थेंब नाही. मग कूलंट जात होतं कुठे? माझ्याच गालिच्यात.

म्हणून ही बाटली आधी बघा, सकाळी, इंजिन थंड असताना. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. पातळी आठवड्या-आठवड्याला उतरत असेल तर वरून बोअरचं पाणी ओतत राहणं ही पुढची चूक. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात आणि इंजिन तापण्याची वेळ येते.

मग कोणीतरी हळद सुचवतो. रेडिएटरची गळती हळदीने बुजते, हा हायवेवरचा जुना तोडगा आहे आणि निर्जन रस्त्यावर गावापर्यंत पोचायला त्याने लोकांना हात दिलाही असेल. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. हीटर कोअरच्या नळ्या सगळ्यांत बारीक, त्या आधी चोंदतात. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरी मी त्याच पंगतीत बसवतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर आधी कूलंटची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती शोधणं, करायला सांगा. गळती कोअरचीच आहे की पाइप आवळणाऱ्या सैल झालेल्या क्लॅम्पची, ते कळतं. कोअरचीच असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरी जास्त होते. मिस्त्री दुसरा मार्गही सुचवेल, हीटरचे दोन्ही पाइप बॉनेटखाली एकमेकांना जोडून कोअर वगळायचा. तात्पुरतं हे वाईट नाही. रत्नागिरीत राहणाऱ्याला हीटर नसल्याचं दुःखही होणार नाही. पण मुरलेलं कूलंट गालिच्यातून काढून, धुऊन, उन्हात वाळवून घ्याच. बहुतेक कूलंटमध्ये असणारं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री त्याच गालिच्यावर खेळतात.

काच पुसण्याच्या सवयी

हाताने किंवा बाहीने पुसू नका. त्वचेचं तेल काचेवर राहतं आणि पुढच्या वेळी बाष्प तिथेच लवकर धरतं. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारणाऱ्यांच्या काचेवर आतून पातळ थर बसतो, त्यानेही तेच होतं. महिन्यातून एकदा ग्लास क्लीनर आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने काच आतून पुसली तर निम्मा त्रास कमी होतो. वायपर बंद पडल्यावर काचेला तंबाखू किंवा बटाटा चोळण्याची ट्रक ड्रायव्हरांची युक्ती बाहेरच्या पावसासाठी आहे. ती आतून करून बघू नका, आठवडाभर गाडीला वास येतो. कसं माहीत, ते विचारू नका.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. धुळीने भरला की ब्लोअर ओरडतो पण हवा येत नाही. काढा, बघा, काळा असेल तर बदला.

आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा, भर मे महिना असला तरी, दहा मिनिटं हीटर पूर्ण लावून काचा बंद ठेवा. विकणारा वेड्यात काढेल. पण गोडसर वास आणि बॉनेटखाली एकमेकांना जोडलेले दोन पाइप, या दोन गोष्टी मे महिन्यात दुसरं कोणी बघत नाही.