मिरवणुकीचे फोटो टाका, पण मूळ फाइल हातची सोडू नका

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर टिपलेला ढोल-ताशा पथकाचा फोटो पुढच्या गणपतीत कुठल्यातरी चौकातल्या फ्लेक्सवर झळकतो, काढणाऱ्याच्या नावाशिवाय. हे पूर्णपणे थांबवणारी युक्ती नाही. पडद्यावर दिसतं त्याचा स्क्रीनशॉट निघतोच, म्हणून वेबसाइटवर राइट-क्लिक बंद करण्यात वेळ घालवू नका. उचलणाऱ्याच्या हाती छपाईच्या कामाची फाइल लागू नये आणि अस्सल फाइल तुमच्याकडेच राहावी, एवढं मात्र नक्की साधता येतं.

सगळ्यात जास्त उपयोग आकाराचा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. दहा फूट रुंद फ्लेक्सवर ती इंचाला ५० पिक्सेल देते आणि रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला तेवढे पुरतात. तोच फोटो लांब बाजूला १२०० पिक्सेल करून टाकलात, तर इंचाला जेमतेम १० उरतात आणि छापताना फोटो फाटतो, म्हणजे त्यात ठिपके-चौकोन दिसू लागतात. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना लाँग एज १२००, क्वालिटी ७० आणि कलर स्पेस एसआरजीबी ठेवा. फुकटच्या गिम्पमध्येही हे जमतं. एआयने छोटा फोटो मोठा करता येतो हे खरं, पण ताशाच्या काड्या, फेट्याची जर असे बारकावे ते टूल मनाने भरतं. अस्सल फाइलशेजारी ठेवलं की फरक उघडा पडतो.

टाकण्याआधी चारही बाजूंनी तीन-चार टक्के कापा. कडेचा तो ढोलाचा अर्धा गोल, मागच्या गॅलरीतल्या आजी फक्त तुमच्या मूळ फाइलमध्ये राहतात. वाद झाला तर ती कड, रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि त्या फोटोच्या आगे-मागे काढलेल्या फ्रेम यांच्याइतका बोलका पुरावा नाही. म्हणून रॉ फाइल पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर उमटवलेला नावाचा पुसट शिक्का, कोपऱ्यात टाकला की कापला जातो. वादकाच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर किंवा मोकळ्या आकाशावर टाकला, तर मोबाइलमधलं इरेझरसुद्धा तो सफाईने पुसतं, कारण भोवतीचा रंग सपाट असतो. तो गर्दीवर, उधळलेल्या गुलालावर, ढोलाच्या दोऱ्यांवर आडवा जाऊ द्या. ओपॅसिटी, म्हणजे शिक्क्याचा ठळकपणा, २० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर चेहराही झाकत नाही. प्रत्येक फोटोत त्याची जागा आणि तिरकेपणा थोडा बदला. एकच शिक्का शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर संगणक तो ओळखून आपोआप काढू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं आहे.

एवढं करूनही फाइल फुटते ती बहुधा ग्रुपवर. मंडळाच्या पोरांनी मागितली म्हणून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून पाठवली, की ती आहे त्या आकारात, आत नोंदलेल्या नाव, लोकेशन अशा माहितीसकट जाते. ग्रुपवर १२०० वालीच द्या. साधा फोटो म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप आतली माहिती काढून टाकतं, त्यामुळे फाइलमध्ये लिहिलेल्या नावावर विसंबू नका. तरी नाव आणि कॉपीराइटची ओळ भराच, मात्र लोकेशन काढून टाका. भिगवणच्या पक्ष्यांच्या घरट्याचा पत्ता सगळ्यांना कळायला नको, तुमच्या घराचाही नको.

महिन्यातून एकदा गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सेवांवर आपले निवडक फोटो शोधा. व्हॉट्सॲपवर फिरणारे तिथे सापडत नाहीत. चोरी दिसली तर भांडण्याआधी लिंक, तारीख आणि पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट जपा. फ्लेक्स असेल तर आजूबाजूचा चौक दिसेल असा त्याचा फोटो घ्या. मग त्या साइटवरच्या कॉपीराइट फॉर्ममधून तक्रार करा. कॉपीराइट नियम २०१३ प्रमाणे रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर साइटने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, तोही २१ दिवसांसाठी. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही.

पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचं वेगळं आहे. वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार हक्क काम देणाऱ्याचा ठरतो. मंडळाची किंवा लग्नाची ऑर्डर घेताना ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील’ ही ओळ कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आगाऊ रक्कम स्वीकारण्याआधीच.