गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्याआधी

हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर मुक्काम करायचा म्हटलं की पाण्यासाठी कातळात खोदलेल्या टाक्यांवर भिस्त असते. पाणी गार आणि नितळ दिसतं, पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. जुलाब आणि काविळीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे उकळणं. आधी सुती कापडाची चौपदरी घडी करून पाणी गाळून घ्या. मग ते खळखळून उकळू लागलं की पूर्ण १ मिनिट तसंच उकळू द्या. कडेला बारीक बुडबुडे दिसले म्हणून लगेच भांडं उतरवू नका. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तिथेही १ मिनिट पुरतं. हिमालयात २,००० मीटरच्या वर गेलात तर ३ मिनिटं उकळा. पाणी रात्रीच उकळून झाकून ठेवा, सकाळपर्यंत गार होतं.

चूल पेटवणं शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं. गोळी टाकून निदान अर्धा तास थांबा, पाणी फार गार असेल तर आणखी जास्त. गढूळ पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो, त्यामुळे आधी गाळणं आलंच. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: बाटलीचं तोंड आणि झाकण. तिथे कच्चं पाणी लागलेलं असेल, तर तेही शुद्ध केलेल्या पाण्याने धुवा.

फवारणी केलेल्या शेतातून येणारं पाणी मात्र घेऊच नका. उकळून कीटकनाशक जात नाही.