संरक्षित क्षेत्राची प्रकृती तपासताना या चुका टाळा

संरक्षित क्षेत्राची पाहणी करताना बरेचदा मोजणी आधी सुरू होते आणि ती कशासाठी, हा प्रश्न नंतर पडतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. क्षेत्र गवताळ माळासाठी राखले आहे की पाणथळीसाठी, आणि तेथील कोणता बदल धोक्याचा मानायचा, हे लेखी ठरलेले नसेल, तर दहा वर्षांच्या नोंदींतूनही निर्णय निघत नाही.

दिसलेले प्राणी म्हणजेच असलेले प्राणी, हा समजही घातक आहे. गवत उंच वाढले की हरणे तितकीच असूनही कमी दिसतात. म्हणून प्रत्येक फेरीत किती अंतर चाललो, किती वेळ लागला, निरीक्षक किती होते आणि हवा कशी होती, हे नोंदवावे. एकाच जागी वारंवार जाऊन, प्राणी असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता किती, याचाही अंदाज काढावा. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ च्या अधिकृत गणनेत वाघ दाखवले गेले होते आणि २००५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. पाऊलखुणांवर विसंबलेल्या त्या गणनेची जागा पुढे देशभर कॅमेरा ट्रॅप (समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) आणि सांख्यिकी पद्धतींनी घेतली.

आकडा अचानक घसरला, तर प्राण्यांचे कारण शोधण्याआधी पद्धत तपासावी. निरीक्षक बदलला का? कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली का? भिंगासमोर वाढलेले एक गवताचे पाते वाऱ्याने हलत राहिले, तरी शेकडो रिकामी छायाचित्रे निघतात आणि कार्ड भरून गेल्यावर आलेला प्राणी टिपलाच जात नाही.

केवळ वरून हिरवे दिसणाऱ्या चित्रावर विश्वास ठेवू नये, कारण उपग्रहाच्या प्रतिमेत स्थानिक झाडोऱ्याला मागे सारणाऱ्या घाणेरीचे (लँटाना) रानही हिरवेच दिसते. जमिनीवर उतरून, ठरावीक चौकटीत, त्याच महिन्यात दरवर्षी रोपे मोजावीत. जुनी झाडे डौलाने उभी असतात, पण त्यांच्याखाली गुडघाभर उंचीचे एकही रोप सापडत नाही, अशा जंगलाचे दुखणे वाघांच्या आकड्यात दिसणार नाही.

व्यवस्थापनाच्या प्रश्नावलीत मिळालेले गुणही निसर्गाच्या प्रकृतीचे गुण नव्हेत. चौक्या, वाहने आणि आराखडे उत्तम असूनही ओढा आटत असू शकतो.

शेवटची चूक साधी, पण जिव्हारी लागणारी: पावसाचिखलात नोंदवही भरणाऱ्या वनरक्षकाला निष्कर्ष कधीच कळवले जात नाहीत. कळले, तर कोणत्या ओढ्यावर आधी जायचे, हे तो स्वतः सांगू शकतो.